टाळ्या गोड लागल्या, आता काय करू?

प्रश्न : माझं वय ५६. नऊ वर्षं गाणं शिकतेय. क्लासच्या गुरुपौर्णिमेला वाशीतल्या एका छोट्या हॉलमध्ये बारा मिनिटं भीमपलास राग गायले. सुरुवातीला हात थरथरत होते, पण शेवटच्या तिहाईला (तोच तुकडा तीनदा घेऊन शेवट करतात ती) टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. घरी रियाजाला बसलं की कंटाळा येतो. आमच्या बाई म्हणतात, गाणं स्वतःसाठी असतं, टाळ्यांच्या नादी लागू नका. मला मात्र पुन्हा स्टेजवर बसावंसं वाटतं. माझं चुकतंय का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, ४१ वर्षं पेटीची साथ करतोय, आणि कार्यक्रमाच्या दिवशी अजून मला दुपारचं जेवण जात नाही. हे टाळ्यांसाठी नव्हे. साथीदाराच्या वाट्याला टाळ्या येतात त्या निवेदकाने नाव घेतल्यावर, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

तुम्ही भीमपलास म्हणालात म्हणून आठवलं. श्रावणातली दुपार, घंटाळीजवळचा एक हॉल. पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या चिकटतात. गाणाऱ्या बाई तुमच्यासारख्याच हौशी, काळी चारमध्ये गाणाऱ्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर त्यांचा षड्ज, सा. म्हणजे खालचा कोमल निषाद, त्याआधीचा नी, काळी तीनवर. आलाप सुरू झाला आणि काळी तीन दबली ती वर येईना. भाता हलवला की निषादाची भुणभुण सुरू. नखाने पट्टी उचलायला जातोय तर घामाने बोट सटकतंय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि सरळ त्या निषादावरच जाऊन बसल्या. भीमपलास उठतो तिथूनच. निषाद, षड्ज, मग झेप घेऊन मध्यम, आणि फिरून खाली त्याच भुणभुणीवर. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा मघापासून पिशवीत काहीतरी खुडबुडत होते, त्यांचा हात पिशवीतच थांबला. तिसऱ्यांदा मध्यम लागला तेव्हा हॉलमधून नुसतं 'हाऽ' आलं, दहा-पंधरा जणांनी एकदम श्वास सोडावा तसं. टाळ्या नंतर पडल्याच असतील, मला आठवत नाहीत. पट्टी शेवटी पेनाच्या टोपणाने सुटली.

घरी एकट्या असत्या तर त्या बाईंनी गाणं थांबवून पेटी उघडायला लावली असती. समोर माणसं होती म्हणून तो निषाद त्यांना सापडला. संगीत नाटकवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं तेव्हा मी शाळकरी होतो. वडिलांबरोबर नाटकाला जायचो आणि वन्स मोअरची वाट बघायचो, कारण तेच पद दुसऱ्यांदा येताना वेगळीच वळणं घेऊन यायचं. पं. राम मराठे आमच्या ठाण्याचे, त्यांनी मैफलही गाजवली आणि रंगभूमीही. त्यांच्या नावाचा महोत्सव महापालिका भरवते, तिकडे एकदा जा आणि गाणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्यांकडे बघत बसा.

तेव्हा स्टेजवर बसावंसं वाटण्यात काही चुकत नाही. पण तुमच्या क्लासच्या बाईंचंही अगदी खोटं नाही. पुढच्या वेळी आलाप करताना मन तिहाईकडे धावायला लागलं, तर समजा की चटक लागली. मग वर्षभर बाईंचंच ऐका.

रियाजाच्या कंटाळ्यावर उपाय साधा आहे. शेजारच्या काकूंना भाजी निवडायला तुमच्याकडे बोलवा. त्या गवार मोडतील, तुम्ही गा. मोडण्याचा आवाज थांबला की बघा, तुम्ही तेव्हा कुठल्या स्वरावर होतात.

हातांची थरथर माझीही गेलेली नाही, ती सोडून द्या. लयीकडे मात्र लक्ष ठेवा. स्टेजवर लय आपोआप चढते आणि गाणाऱ्याला कळतही नाही. तबलजीला आधीच सांगून ठेवा, ठेका रियाजापेक्षा जरा संथच धर. हॉलवर तासभर आधी पोचा. एसीत वाद्यांचे सूर हलतात, ती तिथे बसूनच जुळवलेली बरी. आणि माइकवाल्याला गोड बोलून मॉनिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरा आणि स्वतःचा आवाज नीट मागून घ्या. स्वतःचं ऐकू आलं नाही की भलेभले ओरडायला लागतात. पहिल्या रांगेतल्या नातेवाइकांकडे बघू नका. ते मोबाइलवर शूटिंग करत असतात, ऐकत नसतात.

प्रश्न : मी कराओके क्लबमध्ये गातो. स्टेजवर जाम मजा येते. शास्त्रीयवाले मित्र हसतात. हे गाणं नव्हे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : गाणंच आहे रे, हसू देत त्यांना. फक्त ट्रॅक तुझ्यासाठी थांबत नाही. एकदा पेटी-तबल्यावर एकच गाणं म्हणून बघ. अंतऱ्याच्या आधी मुद्दाम गप्प राहा. तबलजी तुझ्याकडे बघत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, नुसता ठेका धरून राहील, आणि तू पुढे गातोस की नाही यासाठी अख्खा हॉल ताटकळेल. ती मजा चाखून मग मित्रांशी भांड. साथीला कुणी मिळालं नाही तर कळव, रविवारी सकाळी मी मोकळा असतो. पेटी मात्र जिन्यावरून तूच उतरवायचीस, माझे गुडघे गेलेत.