टेस्टिंगला दुय्यम समजू नका

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला अंतराळ स्थानकावरच्या रोबोंच्या चाचणीत करिअर करायचं आहे. ‘दुसऱ्याच्या यंत्रातल्या चुका काढायला इंजिनिअर कशाला व्हायचं?’ हा तुमचा प्रश्न मी समजू शकते, पण मला तो पटत नाही.

या क्षेत्रात चाचणी कशी घ्यायची हेच मुळात शोधून काढावं लागतं. १९८१ मध्ये स्पेस शटलबरोबर गेलेल्या कॅनडार्म या यांत्रिक हाताला जमिनीवर स्वतःचं वजनसुद्धा पेलत नव्हतं, मग त्याची चाचणी इथे घ्यायची कशी? ॲस्ट्रोबी हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तरंगत, पंख्यांच्या झोताने फिरणारे, साधारण फूटभर लांबी-रुंदी-उंचीचे रोबो. नासाच्या एम्स केंद्रात त्यांची चाचणी गुळगुळीत ग्रॅनाइटच्या टेबलावर, हवेच्या पातळ थरावर सरकवून घेतात. तिथे रोबो पुढेमागे, डावीउजवीकडे सरकतो आणि स्वतःभोवती फिरतो, बस्स. वर-खाली जाणं, कलंडणं राहूनच जातं. ती उणीव सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावरच्या आभासी चाचणीने, कशी भरायची आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे टेस्ट इंजिनिअर ठरवतो. याला मी तरी कारकुनी म्हणणार नाही.

रोबोनॉट २ या माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोचं उदाहरण तिला जरूर वाचायला सांगा. २०११ मध्ये तो स्थानकावर गेला, २०१४ मध्ये त्याला पाय बसवले, त्यानंतर विजेच्या जोडणीत बिघाड सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला दुरुस्तीसाठी खाली आणावं लागलं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची गरज कुठे पडते ते यातून कळेल.

त्यामुळे शाखा बदलायची गरज नाही. सी++, पायथन, लिनक्स आणि आरओएस (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली) मात्र नीट शिकायला हवं. ॲस्ट्रोबीचं सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटर सगळ्यांसाठी खुले (ओपन सोर्स) आहेत. ते तिने उतरवून घ्यावेत, मुद्दाम एखादा सेन्सर बंद पाडावा आणि रोबो काय करतो ते लिहून ठेवावं. मुलाखतीत अशी एक नीट लिहिलेली टेस्ट रिपोर्ट दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

एक अडचण आधीच सांगते. सरकारी अंतराळ संस्थांमधल्या नोकऱ्यांना बहुतेकदा नागरिकत्वाची अट असते आणि जागाही थोड्या असतात. पण हेच कौशल्य उपग्रह, वैद्यकीय उपकरणं आणि कारखान्यातले रोबो यांनाही लागतं. तिथे दोन-तीन वर्षं काम करून मग पुढे अर्ज केला, तरी तिचं काही बिघडणार नाही.