दगडात चेहरा उठवताना : वाचकांचे प्रश्न

घरामागे जांभ्याचे चिरे उरले आहेत. त्यांतल्या एकावर आजोबांचा चेहरा कोरता येईल का? (राजापूर)

चेहरा नको. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण जांभ्याच्या अंगात भोकं असतात, आणि नाकपुडी किंवा पापणी नेमकी भोकावर आली की खेळ खलास. आपल्या कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, कातळशिल्पं जांभ्यातच आहेत, हे खरं. मात्र त्यांचे आकार मोठे आणि रेषा जाड. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्तीच सुमारे १८ मीटरचा आहे. वीतभर चेहऱ्याचं काम त्या दगडाचं नव्हे.

भिंत चिऱ्याचीच राहू द्या, तिच्यात कोनाडा सोडून काळ्या दगडाची पाटी बसवा. ३० बाय ४० सेंमीची, ५ सेंमी जाडीची पाटी घ्या. वजन १७ किलोच्या आसपास भरेल, म्हणजे एकट्याला हलवता येते. घेण्याआधी ती दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवून हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजली पाहिजे. आवाज बद्द आला तर आत चीर आहे. मग पाणी ओतून थांबा. बाकी दगड सुकल्यावरही एखादी काळी ओली रेघ उरली, तर ती पाटी परत करा. हात बसलेला नसेल तर आधी शहाबादीवर सराव करा. ती मऊ आहे, फक्त थरांची असल्यामुळे पापुद्रे सुटतात.

एकचष्मी (एका बाजूने दिसणारा) चेहरा कोरला, १२ मिमी उठाव दिला, बाह्यरेषा फोटोबरहुकूम आहे. तरी भिंतीवर भाकरी थापल्यासारखा दिसतो. उठाव वाढवू का? (देवगड)

वाढवू नका. १२ मिमी पुष्कळ झाले. बाह्यरेषेभोवती सगळीकडे सारखा खड्डा मारून आतला भाग जवळपास सपाट ठेवला की भाकरी होते, आणि पहिल्या कामात बहुतेकांचं हेच होतं.

माणसाच्या डोक्याची रुंदी साधारण १५ सेंमी. एका बाजूने पाहताना तिचा निम्मा भाग, म्हणजे ७५ मिमी, आपल्या वाट्याला येतो आणि तो १२ मिमीत बसवायचा असतो. सगळं सरसकट सहा पट दाबून मात्र चालत नाही. कोण पुढे आणि कोण मागे, ही रांग मोडता कामा नये. तळापासून, म्हणजे चेहऱ्यामागच्या सपाट भागापासून, मोजायला सुरुवातीचा अंदाज मिमीत असा घ्या : कानाची पाळी आणि कानावरचे केस १२, गालाचं हाड ११, जबड्याचा कोपरा ९, भुवईचं बाहेरचं टोक ८, नाकपुडीची कड ७, ओठांचा कोपरा ५, नाकाचा दांडा ३. प्रत्यक्षात सर्वात पुढे आलेलं नाक इथे सर्वात खाली जातं. हे मनाला पटायला वेळ लागतो, म्हणून नाकच उंच ठेवलं जातं आणि गाल पडतो.

बाह्यरेषाही सगळीकडे सारखी ठेवू नका. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी इथे तळाशी २-३ मिमीची उभी कड ठेवा. डोक्याची मागची बाजू आणि मान तळात विरघळू द्या. एक कड ठसठशीत आणि दुसरी हरवलेली, एवढ्यानेच डोकं गोल वाटू लागतं.

मोजण्यासाठी पाटीच्या चारी बाजूंनी ३ सेंमीची चौकट मूळ उंचीवर राखा आणि ती शेवटपर्यंत तासू नका. सरळ लाकडी पट्टीत मधोमध भोक पाडून खिळा घट्ट सरकता बसवा. पट्टी चौकटीवर टेकवली की खिळ्याचं टोक खोली सांगतं. तळ आधी १० मिमी खाली घ्या, तोही रेषेबाहेर ४ मिमी सोडून, उरलेलं शेवटी.

आणि हे सगळं आधी शाडूत करा. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, उरलेली माती मिळते. मातीत चुकलं तर गोळा लावता येतो. मातीतला चेहरा पसंत पडेपर्यंत दगडाला टाकी (छिन्नी) लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काम उजेडात समोरून पाहू नका. खोलीत अंधार करून बॅटरी डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी धरा. बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, आहेत, त्यांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. तिरप्या उन्हात त्यातली माणसं मोजता येतात, डोक्यावरच्या उन्हात निम्मी गायब होतात. तुमची पाटी जिथे लागणार तिथे उजेड कुठून येतो, ते कोरण्याआधीच पाहून घ्या.

डोळा दर वेळी माशासारखा होतो. (गुहागर)

कारण तुम्ही बदाम कोरताय. बदाम समोरून दिसतो. एका बाजूने डोळा आडव्या त्रिकोणासारखा असतो, रुंद बाजू नाकाकडे. आधी भुवईखालचा भाग बशीसारखा २ मिमी उतरवा, त्यात बुबुळाची गोलाई राखा, मग वरची पापणी तिच्यापुढे जेमतेम अर्धा-एक मिमी काढा. खालची पापणी मागे राहते. रेषा मारण्याची घाई नको, सावली काम करते.

पॉलिश केल्यावर काळ्या दगडावर पांढरे ठिपके उठले. दगड खराब निघाला का? (चिपळूण)

दगड चांगला आहे, घाव चुकला. टोकदार टाकी दगडावर सरळ उभी मारली की खालचा भाग चुरडतो, आणि ही मार २-३ मिमी आत जाते. म्हणून अंतिम पातळीच्या ३ मिमी आधी टोकदार टाकी ठेवून द्या. पुढे दातेरी छिन्नी, मग चपटी, दोन्ही तिरप्या. नंतर पाणी घालत पॉलिश पेपर १२०, २२०, ४००; चेहऱ्याला याहून चकाकी नको, चमकेत उठाव बुडतो. आलेले ठिपके फक्त आणखी खाली उतरूनच जातात. कोरडं ग्राइंडर फिरवणार असाल तर एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

नाकाचं टोक उडालं. चिकटवू का? (मालवण)

घरात राहणार असेल तर इपॉक्सीने चालेल, उन्हापावसात तो जोड पिवळा पडतो. नाकाच्या बाहेरचे ४ मिमी अजून तासले नसतील, तर ते अशाच वेळेसाठी असतात. तेही गेले असतील तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी बाह्यरेषा २-३ मिमी मागे घ्या. एकटं नाक आखूड केलं की माणूस बदलतो.

पाटी समुद्राकडच्या भिंतीत बसवायची आहे. (वेंगुर्ले)

लोखंडी खिळे, पट्ट्या नकोत. खारी हवा त्यांना फुगवते आणि दगडाचा कोपरा फुटतो. मागे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या १० मिमी सळया, दगडात २५ मिमी खोल. मागे सिमेंट भरलंत तर त्यातले क्षार ओलीबरोबर बाहेर येऊन लोणा (पांढरा थर) धरतो. चुन्याचा गिलावा बरा. चौकटीच्या वरच्या कडेला बाहेर उतार द्या, नाहीतर पावसाळाभर तिथे पाणी साचून केसांत शेवाळ धरेल. धुवायला साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश. शहाबादी किंवा संगमरवर असेल तर लिंबू किंवा अ‍ॅसिड अजिबात लावू नका, पृष्ठभाग खाल्ला जातो आणि सर्वात आधी पापणीची कड जाते.