वाचकांचे प्रश्न : रोमच्या बसमध्ये कुणी ‘शेंदे?’ विचारलं तर

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये आहे. आमच्या सिस्टरांच्या संघाने माझी नेमणूक रोमला एका वृद्धाश्रमात केली आहे. रोज बस आणि मेट्रो असा प्रवास असेल. ठाणे-दादर लोकलची सवय असल्याने गर्दीची भीती नाही, पण तिकिटाचं कसं असतं आणि पोशाखात पाहून लोक बोलायला आले तर काय बोलायचं?
– एक सिस्टर, ठाणे

उत्तर : सिस्टर, गर्दी नाही, पण इथली तिकिटाची सवय तुम्हाला तिथे नडेल. आपल्याकडे तिकीट काढलं की काळजी मिटली, आणि ठाण्याच्या टीएमटी बसमध्ये तर कंडक्टरच जवळ येतो. रोमच्या बसमध्ये कंडक्टर नसतो. कागदी तिकीट आधीच घ्यायचं आणि बसमध्ये चढताच तिथल्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर वेळ उमटवायची. तिथून १०० मिनिटं मोजली जातात. तेवढ्यात बस आणि ट्रॅम कितीही बदला, मेट्रो मात्र एकदाच. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मेट्रोचा प्रवास संपला. तर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनात मेट्रोच्या ए आणि बी या मार्गिका आतल्या आत बदलता येतात, तो एकच प्रवास धरतात.

हे तिकीट दीड युरोचं आहे. वेळ न उमटवलेलं तिकीट म्हणजे बिनतिकीट. दंड १०० युरोंच्या वर जातो, पाच दिवसांत भरला तर साधारण निम्मा. ‘मी नवीन आहे’ हे कारण चालत नाही आणि पोशाखाला सवलत नाही. तिकिटं ‘तबाक्की’त, म्हणजे ‘टी’ अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतात. सिस्टरने तंबाखूच्या दुकानात जाण्यात तिथे कुणाला काही वाटत नाही! रविवारी यातली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच चार जास्तीची घेऊन ठेवा. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवूनही जाता येतं. फक्त बस बदलताना तेच कार्ड टेकवा. एकदा कार्ड, एकदा मोबाइल असं केलंत तर दोन भाडी कापली जातील.

रोज जायचं तर ३५ युरोंचा, स्वतःच्या नावाचा मासिक पास बरा. पण तो कॅलेंडरच्या महिन्याचा असतो. आपला रेल्वेचा पास काढल्या दिवसापासून महिनाभर चालतो, तो हिशेब तिथे नाही. २० तारखेला काढलात तर फार तर बारा दिवस हाती राहतील.

आता माणसं. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर बस पुढे निघून जाऊ शकते, हात दाखवा. उतरायच्या आधी बटण दाबा. दारापाशी असताना मागून कुणी ‘शेंदे?’ म्हणालं, तर ते आपलं ‘ठाणा उतरणार का?’ आहे, उद्धटपणा नाही. उतरणार असाल तर ‘सी, शेंदो’. नसाल तर ‘नो’ म्हणून अंग चोरून वाट द्या. स्वतः वाट मागताना ‘पेर्मेस्सो’. अनोळखी माणसाला ‘लेई’ म्हणायचं, ते आपलं ‘तुम्ही’. ‘तू’ हा त्यांचाही शब्द आहे, पण तो मुलांसाठी आणि ओळखीच्यांसाठी.

शेजारची आजी हमखास म्हणेल, ‘सुओरा, प्रेगी पेर मे’, माझ्यासाठी प्रार्थना करा. ‘वोलेंतिएरी. कोमे सि क्यामा?’ म्हणजे ‘आनंदाने. तुमचं नाव काय?’ एवढं पाठ करा. नाव छोट्या वहीत टिपून घ्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत घ्या. बसमध्ये मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका. आजीला दोन थांबे बोलायचं असतं, प्रवचन नको असतं.

उलटंही घडेल. तुम्हाला पाहून एखादा पोरगा किल्लीला किंवा खांबाला हात लावेल. सिस्टर दिसली की अपशकुन आणि लोखंडाला हात लावला की तो टळतो, अशी तिथली जुनी समजूत आहे. आपल्याकडे मांजर आडवं गेल्यावर थांबतात, तशातलीच. हसून सोडून द्या.

प्रश्न : मी पुढल्या वर्षी रोमला मिशनसाठी जात आहे. प्रवासात कुणी कन्फेशनसाठी, म्हणजे पापाची कबुली द्यायला थांबवलं, किंवा पैसे मागितले तर?
– एक फादर, वाशी

उत्तर : जपमाळेवर आशीर्वाद मागितला तर उभ्या उभ्या द्या, अर्ध्या मिनिटाचं काम. कन्फेशन मात्र गर्दीच्या डब्यात नको, शेजारच्याला ऐकू जातं. तर्मिनीच्या आसपास असाल तर सान्ता मारिया मज्जोरे चर्च दाखवा. चालत दहा मिनिटांच्या आत आहे आणि तिथे डोमिनिकन संघाचे फादर वेगवेगळ्या भाषांत कन्फेशन ऐकतात.

पैशांचं : प्रवासात पाकीट बाहेर काढूच नका, देण्यासाठीही नाही. तर्मिनी ते व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे, आणि पाकीट कुठल्या खिशात जातं ते पाहायला कुणीतरी असतंच. झोळी पोटावर घ्या. सान्त एजिदिओ ही संस्था कुठे जेवण, कुठे निवारा, कुठे आंघोळीची सोय हे सांगणारी पुस्तिका काढते, तिची प्रत जवळ ठेवा. नाण्यापेक्षा तो पत्ता जास्त कामाला येतो.

प्रश्न : तिथे बसचा संप वारंवार होतो म्हणतात. मग मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) किंवा कामावर पोहोचायचं कसं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : संपाला ‘शोपेरो’ म्हणतात. तो आधी जाहीर होतो आणि बहुधा शुक्रवारी असतो. त्या दिवशीही सेवा सुरू झाल्यापासून सकाळी ८:३० पर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात गाड्या सोडाव्याच लागतात. सकाळी ८:३० ला चढायचं असं ठरवू नका, मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ धरून निघा.

प्रश्न : मुलगी सिस्टर होऊन नुकतीच रोमला गेली. बाहेर पडताना पासपोर्ट जवळ बाळगायचा का?
– एक आई, कळवा

उत्तर : मूळ कागद जवळ असू द्यावेत, पण आधी परवान्याचं. पोहोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत तिने पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायला हवा. हे तिच्या संघातल्या सिस्टर करून घेतात, तरी फोनवर विचारा. अर्जाची पावती जपायला सांगा, परवान्याचं कार्ड येईपर्यंत तीच तिचा आधार. पासपोर्ट, पावती किंवा कार्ड यांचे फोटो काढून तिने तुम्हालाही पाठवून ठेवावेत. चोरी झालीच तर पोलिसांत आणि वकिलातीत नंबर तरी सांगता येतो. आणि मूळ कागद झोळीच्या बाहेरच्या कप्प्यात नकोत, पोशाखाच्या आतल्या खिशात, बटण लावून.