स्ट्रीमर घेताय? आधी अ‍ॅम्प्लिफायरची पाठ बघा

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून गाणी घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारा डबा. तुमचा जुना अ‍ॅम्प्लिफायर चांगला आहे, तो विकू नका. त्याच्या मागे डिजिटल इनपुट आहे का, एवढं आधी बघा. फक्त लाल-पांढऱ्या आरसीए जागा (म्हणजे अ‍ॅनालॉग इनपुट) असतील, तर डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारा भाग, आत असलेला स्ट्रीमर घ्या. ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलचं डिजिटल) इनपुट असेल तर डॅक नसलेला साधा स्ट्रीमरही पुरतो. हाताने जुळवायची आवड असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डॅकची पाटी बसवून वोल्युमिओ हे संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर टाका, मस्त चालतं.

ब्लूटूथवर मात्र थांबू नका. सीडीचा प्रवाह सेकंदाला 1411 किलोबिटचा. ब्लूटूथ तो बराच दाबून पाठवतं. वायफायवर स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून घेतो, फोन आला तरी गाणं तुटत नाही. राउटर जवळ असेल तर सरळ लॅन केबल लावा.

आणि गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये फट न पडता वाजणं, नक्की तपासा! माझ्या पहिल्या स्ट्रीमरमध्ये तो नव्हता. विलंबित संपून द्रुत सुरू होताना, ट्रॅक बदलला की तानपुरा क्षणभर गप्प व्हायचा. डोळे मिटून ऐकत असताना ती फट फार बोचते. दुकानात असाच जोडलेला राग लावून बघा. 192 किलोहर्ट्झ अशा सॅम्पल रेटच्या (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला त्याच्या) आकड्यांपेक्षा मला हे कितीतरी महत्त्वाचं वाटतं. उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवा.