शनिवारची वाट पाहू नका

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरीला आहे. जून-जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय. तो आणि सून दोघंही कामावर, सुट्टी फक्त शनिवार-रविवार. नणंदबाई लेस्टरला असतात, त्यांचा ‘आधी आमच्याकडे’ असा हट्ट. हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. टिळक, आंबेडकर राहिले ती घरं बघायचीच म्हणतात. मुलाला किती पळवायचं? आणि वन्संसाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेले तर चालतील का?
– एक वाचक, कराड

उत्तर : पेढ्यांचं आधी सांगते, कारण बॅग भरताना तेच पहिले आत जातात. नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, तूप सगळं त्यात आलं. सापडलं की काढून घेतात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मिठाईची दुकानं ओळीने आहेत, वन्संना पेढ्यांची ददात नाही. त्यांना मिळत नाही ते तुमच्या हातचं मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी. तेच न्या.

आता मुलाला पळवण्याचं. मी लंडनच्या हॅरो भागात राहते आणि दर उन्हाळ्यात ओळखीच्या घरांतून एकच चित्र बघते. आईवडील एवढ्या लांबून येतात आणि सोमवार ते शुक्रवार खिडकीशी बसून राहतात. शनिवारी मुलगा गाडी काढतो, एका दिवसात चार ठिकाणं उरकतात, रविवारी नातेवाईक. सोमवारी मुलगा दमून कामावर आणि हे पुन्हा खिडकीशी. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या बाबतीत तरी हे होऊ नये. आठवड्याचे मधले दिवस तुमचे, तुम्हीच फिरा. शनिवार-रविवार मुलासुनेबरोबर घरात काढा.

‘आम्हाला कसं जमेल’ म्हणू नका. माझी आई इथे आली तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत होतं, पण धावत्या गाडीतून पाट्या वाचायला वेळ पुरायचा नाही. तिने एका पुठ्ठ्यावर स्टेशनांची नावं देवनागरीत ओळीने लिहून घेतली आणि उतरायच्या आधीचं स्टेशन लाल पेनाने. लाल नाव आलं की ती पर्स सावरून उभी. एवढ्यावर ती एकटी ब्रिटिश म्युझियमला जाऊन यायची.

रेडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टनला जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचते. तुम्हा दोघांची साठी उलटली असेल तर स्टेशनवरच पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढा. परदेशी पाहुण्यांनाही ते मिळतं आणि तिकीट एक तृतीयांशाने उतरतं. फक्त सकाळची ऑफिसची गर्दी टळल्यावर निघा, त्या वेळात सवलत लागू होत नाही.

पहिली फेरी टिळकांच्या घराची करा, कारण पॅडिंग्टनहून तिथे चालतच जाता येतं. स्टेशनच्या बाजूने कालव्याच्या काठाकाठाने निघायचं, लिटल व्हेनिसपाशी रंगीत होड्या लागतात, तिथून हाउली प्लेस जवळच. १० नंबरच्या घरावर लोकमान्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले तेव्हा, १९१८-१९ मध्ये, इथे राहिले. खटला हरले, खर्चाने कंबरडं मोडलं, तरी या मुक्कामात स्वराज्याची बाजू मांडत राहिले. घर खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. पण गुरुजींना त्या पाटीसमोर घाई करू नका.

बाबासाहेबांच्या घरात मात्र आत जाता येतं. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडं चालायचं. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. निघण्यापूर्वी उघडं असल्याची खात्री करा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट आहे, जरूर जा, पण वाघनखांसाठी नको. ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठवली. तुम्ही कराडचे, साताऱ्याला जाऊन पाहिलीही असतील.

पाय दुखतील त्या दिवशी रेडिंगमध्येच फॉर्बरी गार्डन्सला बसा. तिथे लोखंडी सिंहाचा भलामोठा पुतळा आहे. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत बर्कशायर पलटणीचे लोक पडले, त्यांचं ते स्मारक. त्याच लढाईत मुंबई ग्रेनेडियर्स आणि मुंबई इलाख्याच्या आणखी एका पलटणीचे शिपाईही लढले आणि मेले. सिंहाखालची नावं बर्कशायर पलटणीचीच आहेत. गुरुजींनी आपल्या शिपायांची आठवण तिथे नातेवाइकांना सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रवासाचा आरोग्यविमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. पाहुण्यांना इथल्या इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर बिल फार मोठं येतं. नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा.

राहिल्या वन्सं. त्यांच्याकडे धावती भेट नको, चार-पाच दिवस राहा, तेही मधल्या वारी. पॅडिंग्टनहून भुयारी रेल्वेने सेंट पँक्रस, तिथून लेस्टर तासाभराहून थोडं जास्त. तिथल्या कॅथीड्रलमध्ये राजा तिसरा रिचर्ड याची कबर आहे. त्याचे अवशेष २०१२ मध्ये गाडीतळाखाली सापडले होते. वन्संना आजच फोन करून तारीख देऊन टाका, म्हणजे ‘आधी कोण’ हा वाद तुम्ही पोचण्याआधीच मिटेल.