वाचकांचे प्रश्न : अमोनियाला ४५० डिग्री कशाला?

प्रश्न : मी कॉलेजला केमिस्ट्री शिकते. पुस्तकात दिलंय की अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे तापमान जितकं कमी तितका अमोनिया जास्त. मग कारखान्यात ४००-५०० डिग्रीला का चालवतात? सरांना विचारलं तर "कॉम्प्रमाइज" म्हणाले आणि पुढे गेले. हे कॉम्प्रमाइज ठरवतं कोण?

उत्तर : एका शब्दावर तुझं समाधान झालं नाही याचा मला खरंच आनंद वाटला. आधी आकडे बघ. २०० अ‍ॅटमॉस्फिअर दाब, तापमान ३०० डिग्री, आणि नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणाला समतोलापर्यंत (म्हणजे जितका अमोनिया बनतो तितकाच परत तुटतो, तिथवर) पोचू दिलं तर त्यात साधारण ६३ टक्के अमोनिया असतो, तेच ५०० डिग्रीला जेमतेम १८. पुस्तक बरोबरच आहे. पण समतोलाला पोचायला वेळ किती लागणार हे त्या आकड्यांत कुठंच नाहीये, आणि नायट्रोजनचा तिहेरी बंध इतका चिवट असतो की लोखंडाचा कॅटलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) असला तरी नीट वेग यायला ४०० च्या आसपास तापवावंच लागतं. कारखान्याला दिवसाला किती टन माल निघाला ते बघायचं असतं, ६३ टक्क्यांची वाट बघत बसून कसं चालेल?

आता पुस्तकात बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली गोष्ट, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. गॅस एकदा कॅटलिस्टवरून गेला की त्यातला साधारण १५ टक्केच अमोनिया होतो, मग तो गार करायचा, अमोनिया द्रव होऊन खाली उतरतो आणि उरलेला गॅस परत फिरवून आत. असं फिरवत राहिलं की शेवटी जवळजवळ सगळा गॅस वापरला जातो. त्यामुळे एका फेरीत कमी निघालं म्हणून एवढं बिघडत नाही, पण फेरी हळू झाली तर मात्र बिघडतं.

दाबाचं काय, तर चार रेणूंचे (एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन) अमोनियाचे दोन होतात म्हणून दाब जितका जास्त तितकं चांगलं. मग हजार अ‍ॅटमॉस्फिअर का नाही? कारण दाब सोसणारं भांडं कुणीतरी बनवावं लागतं. जर्मन केमिस्ट फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये टेबलावर बसेल एवढ्या उपकरणात हे करून दाखवलं, पण ते मोठं करायची जबाबदारी बीएएसएफ ह्या जर्मन केमिकल कंपनीत कार्ल बॉशकडे आली आणि त्याच्या पोलादी नळ्या ८० एक तासांत फुटायला लागल्या. फुटलेली नळी कापून बघितली तेव्हा कळलं की गरम हायड्रोजन पोलादात शिरून त्यातल्या कार्बनचा मिथेन करतोय, कार्बन गेला की पोलाद ठिसूळ. पोलादाची ताकद ज्या कार्बनमुळे, नेमका तोच हायड्रोजन खातोय! बॉशनं काय केलं, आत मऊ, जवळजवळ बिनकार्बनच्या लोखंडाचं अस्तर घातलं, दाब पेलायला बाहेर पोलादाची नळी ठेवली आणि त्या बाहेरच्या नळीला बारीक बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन तिथं साठून न राहता बाहेर निघून जाईल. १९१३ मध्ये जर्मनीतला ओपाऊचा कारखाना सुरू झाला तो ह्या भोकांच्या जोरावर असं मी तरी मानतो. कॅटलिस्टची कथाही तशीच, हाबरनं वापरलेला ऑस्मियम धातू जगात फारच थोडा होता म्हणून बॉशचा सहकारी मिटाशनं हजारो प्रयोग केले आणि शेवटी अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅश मिसळलेलं स्वस्त लोखंड हाती लागलं.

तर ठरवतं कोण? वेग, भांड्याचं पोलाद, कॉम्प्रेसरचं बिल, कॅटलिस्टचं आयुष्य, सगळे मिळून. ह्याच्या उलट सल्फ्युरिक अ‍ॅसिड घे. सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करताना पण रेणू कमी होतात, म्हणजे दाब वाढवला तर फायदाच, तरी साधारण हवेच्याच दाबाला चालवतात, कारण ४५० डिग्रीच्या आसपास व्हॅनेडियमच्या कॅटलिस्टवर तसंच ९७ टक्क्यांच्या आसपास रूपांतर होऊन जातं, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांसाठी मोठा कॉम्प्रेसर कोण बसवणार. आणि सगळ्याच्या वर कच्चा माल. हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढतात, म्हणून २०२१-२२ मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा तिथल्या बऱ्याच अमोनिया प्लांटनी उत्पादन कमी केलं किंवा बंदच ठेवलं, कॅटलिस्ट तोच आणि तापमानही तेच असून.

प्रश्न : पीव्हीसीची मागणी पडली की कॉस्टिक सोडा महाग होतो असं ऐकलं. दोघांचा संबंध काय?

उत्तर : दोघं एकाच घरातले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका टोकाला क्लोरिन, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि कॉस्टिक, आणि प्रमाण पक्कं, १ टन क्लोरिनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक. एक जास्त आणि एक कमी असं करताच येत नाही. क्लोरिन विषारी, साठवून ठेवणं आणि लांब नेणं दोन्ही धोक्याचं, त्यामुळे खपेल तेवढाच बनवतात. त्याचा मोठा वाटा पीव्हीसीत जातो, ती मागणी घसरली की प्लांट हळू चालवावा लागतो, आणि तिकडे कागदवाल्यांना, अ‍ॅल्युमिनावाल्यांना कॉस्टिक तेवढंच हवं असतं. मग भाव चढतो.

प्रश्न : फ्लास्कमध्ये शांतपणे होणारी रिअ‍ॅक्शन मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये का भडकते?

उत्तर : भांडं सगळ्या बाजूंनी १० पट केलं तर आतला माल १००० पट होतो आणि उष्णता बाहेर सोडणारी भिंत फक्त १०० पट. फ्लास्क नुसत्या हवेवर गार होतो, रिअ‍ॅक्टरला आत कूलिंग कॉइल घालावी लागते, शिवाय दुसरं रसायन एकदम न ओतता थेंब थेंब सोडतात. आणि स्टरर (ढवळणारा पंखा) बंद पडला तर पहिल्यांदा ते सोडणं थांबवायचं, हे नवीन ऑपरेटरला पहिल्याच दिवशी शिकवलं पाहिजे.