जेवायला येऊ नकोस, असे मुलाला सांगितले, चुकले का?

प्रिय ताई,

आपला मुलगा दोन वर्षांपासून मिस्सेला (चर्चमधील सामुदायिक उपासनेला) जात नाही, श्रद्धा उरली नाही असे तो उघड सांगतो, म्हणून आपण त्याला घरी जेवायला येण्यास मनाई केली आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिनची आई मोनिका हिनेही मुलाला हीच शिक्षा दिली होती, असे त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्राचा हवाला देऊन आपण लिहिता आणि आपले काही चुकले का, असे विचारता.

माझ्या मते चुकले, आणि आधार त्याच ग्रंथाचा आहे. ऑगस्टिन मानी पंथात (मानी नावाच्या गुरूच्या, चर्चने पाखंडी मानलेल्या पंथात) गेला तेव्हा मोनिकेने त्याला आपल्या पंगतीला बसू देणे थांबवले, हे खरे. पण मुलगा पुढे आपल्यापाशीच उभा असेल असे आश्वासन देणारे स्वप्न पडताच तिने त्याला पुन्हा घरात आणि जेवणाला घेतले. त्या वेळी त्याचे मत तसूभरही बदललेले नव्हते, आणि पुढची जवळजवळ नऊ वर्षे बदलले नाही.

मुलाशी वाद घालून त्याला वळवा, अशी गळ तिने एका बिशपांना घातली. स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेल्या त्या बिशपांनी नकार दिला: त्याला असू दे, प्रार्थना कर, वाचता वाचता त्यालाच उमगेल. तरी ती रडत राहिली, तेव्हा जरा वैतागूनच ते म्हणाले, की एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही. प्रवचनांतून हे शेवटचे वाक्य तेवढे ऐकू येते. आधीचा सल्ला, का कोण जाणे, गाळला जातो.

अती धरून ठेवण्याचे फळही ग्रंथात आहे. इ.स. 383 मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या बंदरावर ती त्याला सोडीना, तेव्हा मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून, ती संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळी रात्र काढत असताना, तो रोमला निघून गेला. पुढे मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांची प्रवचने तो ऐकू लागला तीसुद्धा त्यांच्या वक्तृत्वासाठी. बाप्तिस्मा झाला तो 387 च्या ईस्टरला. तोवर आई मिलानला येऊन त्याच्याजवळ राहत होती.

तेव्हा या रविवारी मुलाला जेवायला बोलवा. मिस्सेचा विषय आपण काढू नका; त्याने काढला, तर त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या आणि उत्तराची घाई करू नका. प्रार्थना अवश्य चालू ठेवा, मात्र ती त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नको.